दर पावसाळ्यात सेडम सडतं? आधी रोप उपटून मुळं बघा

जूनमध्ये कुंडी भरगच्च, जुलैमध्ये जरा मलूल, आणि गणपती येईपर्यंत नुसती काळपट, चिकट देठं. सलग तीन वर्षं आमच्याकडे हेच चाललं होतं. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो, गॅलरी पश्चिमेला. म्हणजे उन्हाळ्यात दुपारनंतर भट्टी आणि पावसाळ्यात वाऱ्याबरोबर येणारी प्रत्येक सर थेट आत. दर दसऱ्याला नवं सेडम, नवे एचेवेरिया (दोन्ही जाड, रसाळ पानांची झाडं) आणायचे आणि पुढच्या श्रावणात त्यांची विल्हेवाट लावायची. रोपवाटिकेतले दादा मला लांबून बघूनच हसायला लागले होते.

विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच, “पाणी कमी घाला.” अहो, जूनपासून मी थेंबभर पाणी घातलेलं नव्हतं! झारी अडगळीत होती. दुसऱ्या वर्षी तर कुंड्या भिंतीच्या कडेला सरकवून पावसाचं थेट पाणीही टाळलं. तरी सडलीच. म्हणून तिसऱ्या वर्षी मेलेली रोपं फेकून देण्याआधी एकेक उपटून, वर्तमानपत्रावर पसरून बघितली. घोळ कुठे होता ते तेव्हा कळलं.

सुरकुतलेलं पान फसवतं

त्या आधी आमच्या घरातला एक ठरलेला संवाद सांगते.

“बाबा, तुम्ही या कुंडीला पाणी घातलंत का?”

“अगं, पान बघ कसं सुरकुतलंय. तहानलंय ते. जीव आहे की नाही त्याला?”

बाबांची चूक नाही. गुलाबाचं, जास्वंदीचं पान मान टाकतं तेव्हा पाणी हेच औषध असतं. रसाळ झाडांचं मात्र उलटंही असू शकतं. मुळं सडून गेली की माती ओलीचिंब असूनही झाडाला पाणी ओढता येत नाही, मग ते पानांत साठवलेलं पाणी वापरायला लागतं आणि पानं सुरकुततात. आपण ते बघतो, हळहळतो आणि वरून आणखी एक तांब्या ओततो. तिथेच झाड संपतं.

म्हणून नुसत्या पानावरून निदान करायचं नाही, पान आणि माती दोन्ही एकत्र बघायची. पान सुरकुतलेलं आणि कुंडी आतपर्यंत कोरडी, तर ती खरी तहान. पाणी घाला, दोन-तीन दिवसांत पान टम्म होतं. पान सुरकुतलेलं पण कुंडी ओली, तर मुळं गेली आहेत असंच समजा. पान पिवळट, आरपार दिसेल असं, उकडलेल्या कांद्याच्या पाकळीसारखं मऊ आणि बोट लागताच गळणारं असेल, तर सड देठापर्यंत पोचली आहे आणि तुमच्या हातात फार वेळ नाही. सगळ्यात खालची एक-दोन पानं कागदासारखी वाळली असतील तर मात्र काहीही करू नका. ते म्हातारपण आहे, आजार नव्हे.

कुंडी आतून ओली आहे का, हे वरची माती बघून कळत नाही. वरचा इंचभर थर दोन दिवसांत वाळतो, आत आठ-आठ दिवस ओल राहते. मी जळून गेलेल्या उदबत्तीची काडी वापरते. काडी कुंडीच्या मध्यभागी तळापर्यंत खुपसायची, दहा मिनिटांनी काढून गालाला लावायची. गार लागली तर आत ओल आहे. आता सवयीने कुंडी नुसती उचलली तरी वजनावरून कळतं, पण पहिलं वर्षभर काडीच बरी.

आणखी एक खूण. रोप दोन बोटांत धरून अगदी हलकं वर ओढा. निरोगी रोप कुंडीला धरून असतं. मुळं सडलेलं रोप लोण्यातून सुरी यावी तसं अलगद हातात येतं.

मधला गोळा

तर वर्तमानपत्रावरची रोपं. पाच कुंड्यांपैकी चारांत एकच दृश्य होतं. मी घातलेली माती कडेने बऱ्यापैकी कोरडी, आणि बरोबर मध्यभागी लिंबाएवढा काळा, थंडगार, पिळला तर पाणी निघेल असा गोळा. रोपवाटिकेतून रोप ज्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, आलं होतं तोच. मी दरवर्षी मोठ्या हौसेने महागडं मिश्रण बनवत होते आणि त्याच्या मधोमध हा ओला स्पंज तसाच्या तसा पुरत होते. सगळी मुळं त्या गोळ्यातच अडकलेली, बाहेरच्या छान मिश्रणात एकही उतरलेलं नाही. एका गोळ्याभोवती तर बारीक जाळीची पिशवीही होती, जिच्याकडे मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

रोपवाटिकेवाल्यांना दोष देत नाही. कोकोपीट हलकं असतं, वाहतुकीत रोप हलत नाही, आणि त्यांच्याकडे ही रोपं पॉलिहाउसमध्ये, डोक्यावर छप्पर असताना वाढतात. तिथे ते चालतं. आपल्या आर्द्रा नक्षत्रात चालत नाही.

उपाय सोपा आहे, फक्त हात थरथरतो. नवं रोप आणलं की आठवडाभर पाणी न घालता गोळा वाळू द्यायचा. मग बोटांनी हळूहळू चुरून काढायचा. चिवट असेल तर पाण्याच्या बारीक धारेखाली धुऊन काढायचा. थोडी मुळं तुटतात. तुटू देत. सेडमच्या कुळाला मुळं पुन्हा फुटायला वेळ लागत नाही. मग रोप दोन-तीन दिवस सावलीत, मातीबाहेर, नुसतं ठेवायचं म्हणजे तुटलेल्या जागा सुकतात. कोरड्या मिश्रणात लावायचं आणि पुढचे चार-पाच दिवस पाणी नाही. हे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत केलेलं उत्तम. मे महिन्यात रोप घेतलं असेल तर मृग लागायच्या आत उरका.

एवढ्या एका गोष्टीने माझं निम्म्याहून जास्त नुकसान थांबलं. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

तळाला खडी घालण्याचा समज

“कुंडीच्या तळाला दोन इंच खडी घाला, निचरा चांगला होतो.” हे मीही वर्षानुवर्षं केलं. होतं उलटंच. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत सहजासहजी उतरत नाही. माती पुरती तुडुंब भिजेपर्यंत ते खडीच्या वरच अडकून राहतं. म्हणजे ओला थर तळाला असायचा तो दोन इंच वर, मुळांच्या जवळ आणून ठेवला.

पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकायचा थांबला की तोच उभा करा, पुन्हा पाणी ठिबकायला लागेल. पाण्याचा स्तंभ उंच झाला की निचरा जास्त होतो. तेच मिश्रण उथळ कुंडीत घातलं तर त्या मानाने जास्त भाग ओला राहतो, उंच कुंडीत कमी. सेडमसाठी सगळेजण पसरट, उथळ ताटल्या घेतात, दिसतातही सुंदर, पण मग मिश्रण आणखी भरड हवं. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे. आणि कुंडीखालची प्लॅस्टिकची ताटली जूनमध्ये काढून टाका. माझ्या पहिल्या वर्षीच्या मृतांमधले दोन तरी त्या ताटलीत बुडून गेले.

मिश्रणाबद्दल लोक पाककृती मागतात. माझी अशी आहे: दोन भाग चाळलेला मुरूम किंवा विटांचे तुकडे, एक भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट. पण प्रमाणापेक्षा चाळणं महत्त्वाचं. साधारण तुरीच्या डाळीपासून हरभऱ्यापर्यंतचे दाणे ठेवायचे, खालची धूळ फेकून द्यायची (म्हणजे गुलाबाच्या आळ्यात). न चाळलेल्या मुरमाची धूळ ओली झाली की सगळ्या फटी बुजतात आणि तो सिमेंटसारखा बसतो. बारीक वाळूचंही तसंच. वाळू घातली म्हणजे निचरा झाला, हा समज सोडा. रोपवाटिकेतली लाल माती आणि शेतातली काळी माती तर या कुंडीच्या आसपासही नको. परीक्षा साधी आहे: भरलेल्या कुंडीवर तांब्याभर पाणी ओतलं तर ते वर तळं न करता झरझर खालून यायला हवं.

मातीची कुंडी श्वास घेते म्हणतात. घेते, पण कोरड्या हवेत. आठवडाभर झड लागली की तीही बाहेरून भिजते, शेवाळं धरते आणि आतलं पाणी कुठेच जात नाही.

पण पाऊस न लागताही का सडतं?

मला सगळ्यात जास्त याच प्रश्नाने छळलं. आडोशाला ठेवलेली कुंडीसुद्धा का जावी?

सेडम, एचेवेरिया, जेड ही मंडळी दिवसा पानांवरची रंध्रं, म्हणजे बारीक छिद्रं, मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात उघडतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन साठवायचा, दिवसा उन्हात तो वापरायचा. या पद्धतीला शास्त्रीय नाव मिळालं तेच मुळी सेडमच्या कुळावरून, क्रॅसुलेसी कुळावरून. कोरड्या प्रदेशात पाणी वाचवायची ही हुशारी आहे. एचेवेरिया मेक्सिकोच्या डोंगराळ भागातले, तिथे दिवस तापला तरी रात्र गार होते. पुण्यात जुलैची रात्र साधारण बावीस-तेवीस अंशांवर अडून राहते, हवा दमट, दिवसा ढग. ऊन नाही आणि हवेला आधीच ओल, त्यामुळे झाडातून पाणी फारसं बाहेर जात नाही, आणि बाहेर जात नाही म्हणून मुळं खालून ओढत नाहीत. थोडक्यात, मेच्या अखेरीला घातलेलं पाणी जुलैपर्यंत कुंडीतच रेंगाळतं.

मेमधला वळवाचा पाऊस त्याहून वाईट. दिवसभर तापलेल्या कुंडीत संध्याकाळी अर्धा तास पाणी, दुसऱ्या दिवशी पुन्हा रणरणतं ऊन. मुळं अक्षरशः वाफवून निघतात. नुकसान तेव्हाच होतं, दिसतं ऑगस्टमध्ये. म्हणून मी आता मृगाची वाट बघत नाही. वळवाचे ढग दिसले की कुंड्या आत.

आत म्हणजे कुठे? हिरवी शेडनेट लावून निश्चिंत झालेले बरेच लोक मी बघितलेत. जाळी पाऊस अडवत नाही, पाऊस थांबल्यावरही टपटपत राहते, आणि आधीच कमी असलेला उजेड आणखी कमी करते. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा उतारावर बसवा आणि चारही बाजू मोकळ्या ठेवा. वारा हवाच. ते जमत नसेल तर खिडकीच्या आतली बाजू. उजेड कमी पडला की रोपं लांबोडकी होतात, दोन पानांतलं अंतर वाढतं, पण लांबोडकं रोप ऑक्टोबरमध्ये छाटून पुन्हा लावता येतं. सडलेलं येत नाही.

पावसाळाभर पाणी किती? माझं उत्तर आहे, काडी कोरडी आली तरी आणखी आठवडाभर थांबायचं. जून ते सप्टेंबरमध्ये मी फार तर दोनदा पाणी घातलं असेल.

सड दिसली की

त्याच दिवशी रोप बाहेर. उद्या नको. सुरी स्पिरिटने पुसून घ्या आणि देठ खालून वर कापत जा. कापलेल्या जागी मध्यभागी तपकिरी ठिपका किंवा कडं दिसतं तोवर कापत राहायचं, प्रत्येक वेळी सुरी पुसून. एकसारखा फिकट हिरवा छेद आला की थांबायचं. कधीकधी हातात फक्त वरचा शेंडा उरतो. पुरतो तेवढा. तो एरवी चार दिवसांत सुकतो, पावसाळ्यात आठवडा लागतो. मी पंख्याखाली, जाळीच्या टोपलीत ठेवते. छेदावर कोरडी खपली धरल्यावरच कोरड्या मिश्रणात टेकवायचा.

हळद, दालचिनी लावा म्हणतात. मी लावून बघितली, न लावताही बघितलं. फरक मला तरी दिसला नाही. सुकायला वेळ देणं हेच खरं औषध. बुरशीनाशकाने सडलेला भाग पुन्हा जिवंत होत नाही.

देठ पूर्ण गेला असेल तर निरोगी पानं डावी-उजवीकडे हलवत बुडापासून सबंध सोडवा. अर्धवट तुटलेल्या पानाला रोप येत नाही. ट्रेमध्ये नुसती पसरून ठेवली तरी काही आठवड्यांत मुळं आणि इवलं रोप दिसायला लागतं.

मुळं उघडी केल्यावर त्यांवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो सडण्याचा मामला नाही, मुळांवरची पिठ्या ढेकूण ही कीड आहे. बाहेरून लक्षणं हुबेहूब तीच. कुंडीभोवती मुंग्यांची ये-जा दिसली तर शंका घ्यायची. सगळी माती फेकायची, मुळं धुवायची, सुकवायची, कुंडी साबणाने घासून घ्यायची. पानांवरच्या ढेकणाला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा पुरतो. कडुनिंबाचं तेल एचेवेरियावर फवारू नका, त्याची पांढरी साय कायमची जाते आणि उन्हात पान भाजतं. पानाला नुसती भोकं पडली असतील आणि चकचकीत रेघ असेल तर रात्री टॉर्च घेऊन जा, गोगलगाय सापडेल.

कोणाला बाहेर ठेवायचं

माझ्या गॅलरीत पाऊस खाऊनही टिकलेले: ग्रॅप्टोपेटलम (शास्त्रीय नावात पॅराग्वे असलं तरी मूळचं मेक्सिकोचंच), आपल्याकडे जेड म्हणून विकलं जाणारं पोर्तुलाकारिया, नागीण, पानफुटी, आणि सेडममध्ये बारीक पानांचे, जमिनीवर पसरणारे पूर्व आशियाई प्रकार. न टिकलेले: गाढवाची शेपटी म्हणतात ते लोंबतं सेडम, झाडून सगळे गुलाबी-जांभळे एचेवेरिया, आणि निळसर सुईसारख्या पानांचं युरोपी सेडम. शेवटच्याचा नाद मी सोडला. थंड हवेतलं झाड आहे, त्याला मे सोसत नाही, पावसाळ्यापर्यंत ते पोचतच नाही.

आणि कुंड्या आत घेतल्या की कठड्यावर जी रिकामी जागा होते, ती रानफुलांची. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पुण्याच्या कितीतरी पट पाऊस पडतो, खाली जांभ्याचा खडक, मातीचा थर अगदी पातळ, आणि ऑगस्टअखेरीपासून सगळं पठार फुललेलं. पावसाळाच ज्यांचा हंगाम, त्यांना पावसाळ्यात जागा द्यायची. तेरडा आणि सोनकी या दोघांवर मी समाधानी आहे. पण पठारावरून काही उपटून किंवा बी ओरबाडून आणू नका. तिथे मनाई आहे आणि ती योग्यच आहे. तेरड्याचं बी ओळखीपाळखीत मिळतं. कोकणात कित्येक घरी गौर म्हणून तेरड्याचीच रोपं पूजतात, तिथे कुणालाही मागा.

रानफुलांची तक्रार सेडमच्या उलट असते. “हातभर वाढलं, फुललंच नाही, वाऱ्याने आडवं झालं.” कारण आपण प्रेमाने शेणखत भरतो. खडकावरच्या झाडाला ते पचत नाही, नुसता पाला माजतो. जुन्या कुंडीतली निकस माती वापरा, बी मृगाच्या पहिल्या सरीबरोबर वरवर पेरा, दाट उगवलं तर विरळ करा. ऑगस्टमध्ये पाऊस ओढ देतो तेव्हा मात्र यांना रोज पाणी लागतं, म्हणून सेडमच्या कुंडीत यांना कधी एकत्र लावायचं नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण एकेक फूल गेलं तरी झाड महिनाभर फुलत राहतं.

दसऱ्याच्या सुमाराला तेरडा पिवळा पडतो, सेडम पुन्हा कठड्यावर. एकदम नाही. चार महिने सावलीत असलेल्या रोपाला ऑक्टोबरचं ऊन एका दुपारीत पांढरे चट्टे पाडतं. आधी तीन-चार दिवस सकाळचं तासभर ऊन, मग दोन तास, असं करत दहा-बारा दिवस घ्या. पहिलं भरपूर पाणीही तेव्हाच.

तेरड्याच्या शेंगा पिकल्या की हात लावताच फुटतात आणि बी गॅलरीभर उडतं. त्यामुळे आमच्याकडे जूनमध्ये सेडमच्या कुंड्यांतही तेरडा उगवायला बघतो. पहिल्या वर्षी वैतागून उपटत होते. आता आधी बघते कुठे उगवलाय ते. चांगल्या मिश्रणाच्या कुंडीत तो दोन पानांवर येऊन करपतो. जिथे तो टवटवीत वाढायला लागला, तिथे ओल साठते आहे; ती कुंडी त्याच दिवशी रिकामी करून पुन्हा भरायची. यंदा अशा दोन निघाल्या. एक बाबांच्या खुर्चीशेजारची होती.